सत्तेचाळीस नंबरची नळी

अठ्ठ्याण्णव साली मी राजारामपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करत होते. आमचे डॉक्टर अमरसिंह टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूचा अभ्यास करत होते. मांजराच्या विष्ठेतून, कच्च्या मांसातून तो पोटात जातो आणि बहुतेकांना कळतही नाही. पण गरोदरपणात नव्याने संसर्ग झाला तर बाळाला धोका. जमवलेल्या रक्ताच्या नळ्यांचे तीन गट होते: गर्भ पडलेल्या बायका, एचआयव्हीचे रुग्ण आणि निरोगी माणसं.

पहिल्या दोन गटांतली माणसं आपणहून तपासायला येत. निरोगी माणूस मात्र सुई बघितली की पळतो. शेवटी एक नळी मी माझ्याच रक्ताने भरली आणि सत्तेचाळीस नंबर घालून निरोगी गटात ठेवली. माझे दोन गर्भ पडले होते, आता तिसरा महिना चालू होता आणि लॅबमध्ये यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी माझी कीव केलेली मला खपत नाही.

पहिल्या तपासणीत माझ्या रक्तात जंतूची खूण निघाली. ती जुनी की नवी, हे दुसऱ्या तपासणीत कळणार होतं. पण त्या तपासणीचं किट एकदा उघडलं की संपवावं लागे, म्हणून पुरेशा नळ्या जमेपर्यंत डॉक्टर त्याला हात लावत नसत. पाच कमी होत्या. सत्तेचाळीस नंबरचं आधी करू या का, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. निरोगी माणसाची कसली घाई, म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं, तरी मला राग आला.

घरी जेवायला बसले की मध्येच उठायचे. नवरा, प्रसेनजीत, काय झालं म्हणाला की त्याच्यावरच खेकसायचे. बारा दिवस दाराकडे बघत काढले. चार नळ्या आल्या. पाचवी येईना.

तेराव्या दिवशी सकाळी शाहूवाडीकडच्या धोंडुबाई सुनेला घेऊन आल्या. सून संयोगिता, जेमतेम विशीची, तिसऱ्यांदा गर्भ पडलेला. आणि मला आनंद झाला. खरंच झाला. तिच्या दंडाला पट्टा बांधताना माझे हात हलके झाले होते. सुई बाहेर काढली आणि मला माझीच किळस आली.

दुपारी निकाल लागला. माझा संसर्ग जुना होता, बाळाला त्याचा धोका नव्हता. आतल्या खोलीत स्टुलावर बसून मी पोटभर रडले. मग तोंड धुऊन संयोगिताचा रिपोर्ट घेऊन बाहेर आले. तिच्या रक्तात काहीच सापडलं नाही, असं मी धोंडुबाईंना सांगितलं.

"रक्तात काय न्हाय म्हंजे हिच्यातच खोट हाय की," त्या म्हणाल्या.

बाकावर सात-आठ माणसं बसली होती. संयोगिता फरशीकडे बघत होती. मला गप्प बसता आलं असतं, माझं काम झालं होतं.

"माझी दोन गेल्यात, मावशी," मी म्हणाले. "माझ्यात काय खोट हाय, सांगा."

डॉक्टर दारात उभे होते. यात तुमचीही नळी आहे का, कुठल्या गटात, त्यांनी हळूच विचारलं. सत्तेचाळीस, निरोगीतनं काढा, मी म्हणाले. ते नळी काढायला आत गेले.

धोंडुबाई पिशवी आवरू लागल्या. संयोगिताने पहिल्यांदाच मान वर केली.

"आन् आता?"

"तिसरा महिना हाय."

"भ्या वाटतंय?"

"रोज," मी म्हणाले आणि तिच्या शेजारी बाकावर बसले.