दुसरा साक्षीदार

परदेशी जाण्याच्या पोलीस दाखल्यासाठी चौकशीला आलेल्या हवालदारासमोर शामलाताईंनी फाइल फिरवली आणि पहिल्या कागदावर बोट ठेवलं. पासपोर्टची प्रत, विजेचं बिल, घर विकल्याचा करार, मॉरिशसहून आलेलं राहण्याच्या परवान्याचं पत्र, सगळं क्रमाने लावलेलं होतं. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाईंची फाइल होती ती. तपासणाऱ्याला लाल शाई काढायची संधी मिळणार नव्हती.

"सब ठीक है, मैडम," पानं उलटून हवालदार म्हणाला. "बस दो गवाह. मोहल्ले के, पुराने जानने वाले. रिश्तेदार नहीं चलेंगे."

एक साक्षीदार समोरच बसला होता. समोरच्या बंगल्यातले दिग्विजयसिंह. "आज ही भेज दो इन्हें, मेरी अंग्रेज़ी की गलतियाँ निकलनी बंद होंगी," असं म्हणत त्यांनी सहीही करून टाकली होती. दुसऱ्या गल्लीतल्याच शांताताई. पण हवालदार एक दिवस आधीच आला होता आणि शांताताई भाचीच्या लग्नाला झाशीला गेल्या होत्या.

"वो कल आ जाएँगी."

"कल से मेरी मेले में ड्यूटी है. फिर महीना भर गया समझिए."

पत्राची मुदत महिनाअखेर संपत होती. हरिशंकरपुरमच्या त्या गल्लीत बाकीचे सगळे भाडेकरू. जुनं माणूस आणखी एकच होतं, आणि ते चालणार नव्हतं. माधवराव, त्यांचे धाकटे दीर.

दोन भावांनी शेजारीशेजारी घरं बांधली, तेव्हा मधल्या भिंतीत एक छोटं फाटक ठेवलं होतं. मोठा भाऊ गेल्यावरही त्या फाटकातून माधवराव रोज साडेचारला चहाला येत. अठरा दिवसांपूर्वी शामलाताईंनी त्यांना बेत सांगितला.

"मॉरिशस? तिथे आपलं कोण आहे?"

"कुणी नाही. समुद्र आहे. बँक, दवाखाना, कचेरी सगळं इंग्रजीत. कुणाला बरोबर न्यायला नको."

"आणि बाजारात?"

"तिथे तिसरीच बोली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत तिसरी. भाऊजी, ग्वाल्हेरात आपण पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय करतोय?"

माधवराव चिडले. "लोक मला विचारतील, वहिनी. दीर भिंतीपलीकडे असताना तुम्ही परक्या देशात एकट्या! सख्खा दीर आहे मी तुमचा. पोलीस चौकशीला येऊ देत, मी सांगेन, घरच्यांची संमती नाही."

तेव्हापासून फाटकाची कडी वाजली नव्हती. शामलाताईंचा बेत मात्र तसूभरही हलला नाही. आवाज चढवल्याने चुकीचं वाक्य बरोबर होत नाही, हे त्यांनी वर्गात जन्मभर सांगितलं होतं.

आता रस्त्याकडचं फाटक वाजलं. माधवराव आत आले. इस्त्रीचा सदरा, पायांत बूट, हातात आधारकार्ड. घरं बांधल्यापासूनच्या अठ्ठावीस वर्षांत ते या घरात रस्त्यावरून कधी आले नव्हते. शामलाताईंनी फाइल मिटून तिच्यावर हात ठेवला.

"मोटरसाइकिल देखी, तो आया," माधवराव हवालदाराला म्हणाले. "बगल का मकान मेरा है. चवालीस साल से जानता हूँ इन्हें."

"तो गवाही दे दीजिए. पर पहले बता दूँ, रिश्तेदार की नहीं लेते. आप इनके क्या लगते हैं?"

दिग्विजयसिंह खोकले आणि छताचा पंखा बघू लागले. माधवरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून मधलं फाटक दिसत होतं.

"कोई नहीं," ते म्हणाले. "पड़ोसी हूँ."

हवालदाराने कार्ड हातात घेतलं. "आप भी देशपांडे?"

"हम दक्षिणी मराठी लोगों में देशपांडे गली-गली मिलेंगे, साहब. बाड़े के चौक पर एक को आवाज़ दो, चार पलटते हैं."

रेल्वेत टीसी असताना या माणसाने स्वतःच्या मेहुण्याला विनातिकीट पकडून दंड केला होता. सासुरवाडीने दोन वर्षं अबोला धरला, तरी पावती फाडलीच.

"कोई शिकायत इनसे?"

"ज़िद्दी हैं," माधवराव म्हणाले. "पर वो मत लिखिए. लिखिए, चाल-चलन उत्तम."

त्यांनी सही केली. ठळक, वळणदार, खाली रेघ मारून.

"भाऊ..." शामलाताईंच्या तोंडून निघालं. त्यांनी तो शब्द गिळला. "माधवराव, पाणी देऊ?" चव्वेचाळीस वर्षांत त्यांनी हे नाव पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"नको, मॅडम," माधवराव म्हणाले.

हवालदाराने कागद पिशवीत घातले. "पड़ोसी हो तो ऐसा, अंकल. नहीं तो ऐसे केस में घरवाले ही सबसे ज़्यादा अड़ंगा लगाते हैं."

"लगाते होंगे," असं म्हणून माधवराव त्याच्याबरोबर रस्त्यावरूनच बाहेर पडले. दिग्विजयसिंहांनी शामलाताईंना हात जोडले आणि तेही निघाले.

साडेचारला मधल्या फाटकाची कडी वाजली. आता पायांत चपला होत्या. शामलाताईंनी आधणात आणखी एक कप पाणी ओतलं. माधवराव आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसले.

"वहिनी, तिथे तुमच्या चहाचे साडेचार वाजतील, तेव्हा इथे किती वाजलेले असतील?"

"सहा."

त्यांनी मान हलवली. उरलेला चहा संपवला, कप स्वतः विसळून पालथा घातला आणि दाराशी जाऊन चपला सरकवल्या.

"उद्यापासून मी सहालाच येतो," ते म्हणाले. "सवय करायला हवी."