विहिरीवरचा सत्कार

वडवणीहून येणाऱ्या फाट्यावर सुरजने मोटारसायकल थांबवली, पाय टेकवले आणि बराच वेळ काही बोलला नाही. सुरज वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होता आणि वर्षाराणीच्या हाताखाली काम शिकत होता. गप्प बसणं हा विषय त्याच्या अभ्यासक्रमात नव्हता. म्हणून मागे बसलेल्या वर्षाराणीने त्याच्या खांद्यावरून मान उंच करून पाहिलं.

समोर तिचाच फोटो होता.

दोन विजेच्या खांबांमध्ये फ्लेक्स ताणून बांधला होता. डावीकडे हात जोडलेले गावचे पुढारी अर्जुनराव, कपाटाएवढे. उजवीकडे वर्षाराणी, त्यांच्या मानाने बरीच लहान, पण गुलाबांच्या चौकटीत. खाली मजकूर होता : ‘गोरगरिबांच्या कैवारी अ‍ॅड. वर्षाराणी यांचा भव्य नागरी सत्कार. स्थळ : विहिरीजवळील मंडप. आजच.’

“ताई, हे आपल्या बाजूचे हायेत का?”

“आपण यांच्याच विरुद्ध केस केलीय, सुरज.”

“म्हंजे मी बरोबर वाचलं.”

केस साधी होती. मागच्या एका दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर गावाने एक विहीर खणली. पुढे अर्जुनरावांनी तिच्याभोवती तारेचं कुंपण घातलं, मोटार बसवली आणि ही विहीर आपल्या वडिलांनी खणल्याचं जाहीर केलं. वडील हयात नसल्यामुळे त्यांनी ते नाकारलं नाही. वस्तीतल्या बाया टँकरच्या मागे लागल्या. सनद मिळून वर्षही न झालेल्या वर्षाराणीने जनहित याचिका केली आणि हायकोर्टाने पाहणीसाठी एका वकिलांना कमिशनर नेमलं. ते आज येणार होते.

कोर्टाला ऊसतोडीचा हंगाम ठाऊक असण्याचं कारण नाही. अर्जुनरावांच्या वकिलांना तो चांगला ठाऊक होता आणि तारीख त्यांनीच मागून घेतली होती. विहीर खणणारे जवळजवळ सगळे हात या वेळी कुठल्या तरी कारखान्याच्या उसाच्या फडात कोयता चालवत होते. खणणाऱ्यांपैकी गावात बोलू शकेल अशी एक जानकीबाई उरली होती. गुडघे गेल्यामुळे तिला टोळीत कोणी घेत नव्हतं. ती बोलली तर विहीर गावाची. ती गप्प बसली तर अर्जुनरावांच्या वडिलांची.

वर्षाराणीने फोटोकडे पुन्हा पाहिलं. हा फोटो तिने कुणालाच दिलेला नव्हता. तो उमापूरला आईवडिलांच्या घरी, दिवाणखान्यातल्या भिंतीवर होता. तिने आईला फोन लावला.

“अगं हो, कालच दोघं आलते जीप घेऊन,” आई, म्हणजे सत्यभामाबाई, खुशीत होत्या. “लई नम्र पोरं. माझ्या पाया पडले. म्हनले ताईंचा सत्कार हाय, फोटू पाहिजे. म्या भिंतीवरचा काढून दिला. चहा पिले, घर सारं पाहून घेतलं. तुझी खोली कोणती तेबी इचारलं.”

“बाबा कुठंयत?”

“रानात. का गं?”

“काही नाही,” वर्षाराणी म्हणाली. तिने फोन ठेवला.

सुरजने सगळं ऐकलं होतं. “ताई, आपण असं करू,” तो म्हणाला, “गाडी पंक्चर झाली म्हणू.”

“आणि जानकीबाई?”

सुरजने गाडी सुरू केली. ती पंक्चर नसल्याबद्दल त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं.

मंडप विहिरीला खेटूनच घातला होता, इतका की कुंपण कनातीमागे दिसेनासं झालं होतं. पुढे खुर्च्या होत्या. मागच्या रांगेत अर्जुनरावांच्या हाताखालची पोरं हाताची घडी घालून उभी होती. त्यांना बसायला जागा नव्हती असं नाही. बायांच्या बाजूला अगदी कडेला जानकीबाई टेकली होती.

वर्षाराणी तिच्याकडे वळणार तोच माइक खरखरला. सूत्रसंचालन धर्मराज गुरुजींकडे होतं. बारसं असो की शोकसभा, आसपासच्या गावांत माइक त्यांच्याच हातात असे. “सत्कारमूर्ती आल्या आहेत. त्यांनी मंचावर स्थानापन्न व्हावं ही नम्र विनंती.”

सत्काराला नाही म्हणण्याची पद्धत या भागात अजून सुरू झालेली नाही. नाही म्हटलं तर माणसाने दिलेला मान लाथाडला असं होतं, आणि मग पुढे जे होईल त्याला अख्खा गाव साक्षीदार असूनही कुणी काही पाहिलेलं नसतं. हो म्हटलं तर शाल अंगावर येते आणि शाल कुणाची हे लोक लक्षात ठेवतात. दोन पोरं तिच्या दोन बाजूंना येऊन आदराने उभी राहिली. वर्षाराणी पायऱ्या चढली.

चढताना तिने मागे पाहिलं. जानकीबाई तिच्याकडेच बघत होती. मग तिने तोंड फिरवलं, जमिनीला हात टेकला आणि उठायला लागली.

अर्जुनराव सोन्यासारखं बोलले. त्यांनी लेकींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. मग शेजारच्या खुर्चीत बसून वर्षाराणीकडे कलले आणि माइकपासून दूर, घरातल्या माणसासारखे म्हणाले, “तुमचे वडील लई साधे हायेत म्हने. येरवाळीच, दिस उगवायच्या आधी, रानात जातेत. एकलेच. या वयात बरं नाय ते. काळजी घ्या त्यांची.”

वर्षाराणीने समोरच्या गर्दीत सुरजला शोधलं. तो पोरांकडे बघत होता.

कुंकू लावायला अर्जुनरावांच्या पत्नी केशरबाई पुढे आल्या. त्यांची नजर नवऱ्याकडे होती, त्यामुळे कुंकू थोडं तिरकं लागलं. शाल पांघरताना त्या तिच्या कानाशी आल्या. “पोरी, काहीच बोलू नको. ‘आभार’ म्हन आन जा इथून. लवकर जा.” मग फोटोसाठी दोघी हसल्या.

एवढ्यात पांढरी गाडी आली आणि कमिशनरसाहेब उतरले. त्यांच्याकडेही शाल धावली, ती त्यांनी हाताने बाजूला सारली. खुर्ची घेतली. समोर त्यांना दिसलं ते असं : याचिका करणाऱ्या वकीलबाई प्रतिवादीच्या मंचावर प्रतिवादीची शाल घेऊन बसल्या आहेत. त्यांनी फाइल उघडली होती ती मिटली.

“आता सत्काराला उत्तर,” गुरुजी म्हणाले.

वर्षाराणी माइकपुढे उभी राहिली. जानकीबाई कनातीपाशी पोचली होती. अजून चार पावलं, की गेली. वर्षाराणीने तोंड उघडलं आणि तिला कळलं की आत काहीच नाही. कायदा नाही, कलम नाही, रात्री पाठ केलेलं एकही वाक्य नाही. भीतीने सगळं खाऊन टाकलं होतं. उरलं होतं ते एकच वाक्य, प्रत्येक सत्कारमूर्ती म्हणते ते.

“हा सत्कार माझा एकटीचा नाही.”

टाळ्या पडल्या. त्या या वाक्याला पडतातच.

“तो... ज्यांनी ही विहीर खणली, त्यांचा आहे.”

धर्मराज गुरुजींच्या आयुष्यात माइकवरून उल्लेख झालेला मान्यवर कधी खाली बसून राहिला नव्हता. त्यांची जीभ आपोआप पुढे झाली. “तरी ही विहीर खणणाऱ्या मान्यवरांनी कृपया मंचावर यावं.”

म्हणून झाल्यावर त्यांना अर्थ कळला. त्यांनी माइक हळूच खाली ठेवला, तो चावेल अशा भीतीने.

मागे उभ्या पोरांनी हातांच्या घड्या सोडल्या. हातांचं काय करावं हे सुरजला कळेना, म्हणून त्याने टाळ्या वाजवल्या. सत्कारात एकाने वाजवल्या की बाकीचे वाजवतात. तसे चारदोन जणांनी वाजवल्या आणि लगेच थांबवल्या. तेवढ्या आवाजाने जानकीबाई वळली.

“मला म्हनताय का गुरुजी?”

गुरुजींनी अर्जुनरावांकडे पाहिलं. अर्जुनराव हसत होते. ते हसू बघून पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून घरी गेला.

आपण काय केलंय ते वर्षाराणीला आत्ता उमगलं. संध्याकाळी ती बीडला, आपल्या बिऱ्हाडी असेल. जानकीबाई इथेच, याच गावात, पत्र्याच्या घरात निजेल. तिने माइक पुन्हा हातात घेतला. “जानकीबाई, नाही आलात तरी चालेल. खरंच. कुणी काही म्हणणार नाही.”

“आता कसं चालंल?” जानकीबाई म्हणाली. “समद्यांनी पाह्यलं की मला. सरका.”

ती पायऱ्यांवरून हात टेकत टेकत वर आली. वर्षाराणीने अंगावरची शाल काढून तिच्या खांद्यावर टाकायला धरली. जानकीबाईने ती हातानेच परत लोटली. “ऱ्हाऊ दे. उकडतंय.”

कमिशनरसाहेब उठून मंचाजवळ आले. फाइल पुन्हा उघडली. नाव विचारलं, लिहिलं. पुढचा प्रश्न विचारायचा म्हणून विचारतात तसा, खाली बघत विचारला. “बाई, तुम्ही स्वखुशीने बोलताय ना? तुमच्यावर कुणाचा दबाव, कुणाची भीती नाही ना?”

या प्रश्नाला सगळेच नाही म्हणतात.

जानकीबाईने मागच्या रांगेतल्या पोरांकडे पाहिलं. एकेकाकडे, ओळखीच्या पोरांकडे बघतात तसं. मग अर्जुनरावांकडे पाहिलं. तिने पदराने तोंड पुसलं. वर्षाराणीने तिचा हात धरला.

“हाय की,” जानकीबाई म्हणाली. “लई भ्या वाटतंय. लिव्हा.”

साहेबांनी मान वर केली.

“लिव्हा म्हनते ना. पैलं ते लिव्हा. ज्याचं भ्या वाटतंय त्याचं नावबी सांगते. मग इहिरीचं इचारा.”