सहीखालच्या दोन ओळी

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, मित्रांनो, आणि जन्मभर नाकासमोर चालत आले. दुसरं मला काही येतच नव्हतं. माझ्या अंगावरचे तीन ते सात हे आकडे बोटांनी घासून पुसले गेले आहेत आणि एका टोकाचा टवका उडाला आहे. तरी माझी कड अजून सरळ आहे. या सरळपणाचा मला एके काळी फार ताठा होता. तो कसा उतरला ते तुम्हाला सांगायचं आहे, कारण माझ्या ताठ्यापायी दोन माणसांच्या तोंडचा घास गेला होता.

एका सुताराने मला दाराच्या चौकटीतून उरलेल्या तुकड्यातून घडवलं. त्याच्या मुलीला कचेरीत नोकरी लागली होती आणि तिला काहीतरी स्वतःच्या हातचं द्यावं असं त्याच्या मनात होतं. बाजारातल्या पट्ट्या म्हणजे नुसत्या काड्या, असं तो म्हणे. म्हणून त्याने मला चांगली तीन बोटं रुंद ठेवली, रंधा मारला, आणि काळ्या शाईने आकडे घातले. आकडे काढताना त्याची जीभ दातांत धरलेली होती. नऊ जरा वाकडा आला, तेव्हा तो स्वतःवरच चिडला. मुलीने मला हातात घेतलं आणि नऊवर बोट ठेवून ती हसली. ते हसणं मला आवडलं.

तिची कचेरी मदतीची होती. जी माणसं आजाराने, वयाने किंवा नशिबाने थकली आहेत त्यांना तिथून दर आठवड्याला धान्याची पिशवी मिळे, औषधं मिळत आणि घरकामाला एक मदतनीस येई. पुढच्या दालनात अर्ज घेणारे बसत. मागच्या दालनात, जिथे खिडकीतून फक्त शेजारच्या इमारतीचा जिना दिसे, तिथे तपासणी शाखा होती. मंजूर झालेल्या प्रकरणांपैकी दर दहावं प्रकरण तिथे येई आणि पहिल्या कागदापासून पुन्हा तपासलं जाई. अर्ज, वयाचा पुरावा, डॉक्टरांचा दाखला, घरभेटीचा तक्ता. एक कागद जे सांगतो तेच दुसरा सांगतो का, आणि सगळं नियमाला धरून आहे का, एवढंच पाहायचं.

हे एवढंच काम वाटतं तितकं सोपं नसतं. चारशे पानं वाचून झाल्यावर डोळे आळशी होतात आणि पुढच्या ओळीवर उड्या मारू लागतात. आमच्या तपासनीस बाईंनी, म्हणजे सुताराच्या त्या मुलीनेच, त्यावर उपाय काढला होता. त्या मला वाचायच्या ओळीखाली ठेवत. ओळ वाचली की मला एका ओळीने खाली सरकवत. खालचा मजकूर माझ्या अंगाखाली झाकलेला, त्यामुळे डोळ्यांना पळायला जागाच नसे. असं करत करत आम्ही सहीपर्यंत पोचत असू. सही आली की पान संपलं. पान उलटायचं आणि मला पुन्हा वर न्यायचं.

एकोणीस वर्षं आम्ही हे केलं. कचेरीत त्यांना सगळे मागून ‘चाळणी’ म्हणत, कारण त्यांच्या हातून खडा सुटत नसे. त्यांनाही ते नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. साहेब नव्या माणसांना आमच्या टेबलापाशी आणून सांगत, काम कसं करायचं ते इथे बघा. अशा वेळी बाई मान खाली घालत. मी मात्र घालत नसे.

आमच्या कामात चुका दोन तऱ्हेच्या असतात. ज्याला मदत द्यायला नको त्याला ती दिली, ही एक. ज्याला द्यायला हवी त्याची अडवली, ही दुसरी. नियमाच्या पुस्तकात दोन्ही शेजारी शेजारी छापल्या आहेत. पण शाखेच्या फळ्यावर दर महिन्याला आकडा लिहिला जाई तो फक्त पहिल्या चुकांचा, आणि शाबासकीही त्याचीच मिळे. मला हे तेव्हा खटकलं नाही. मीही त्या फळ्याकडे डोळे लावून असे.

एके दिवशी म्हातारी होत चाललेल्या एका बाईचं प्रकरण आलं. तिने आयुष्यभर इस्पितळाच्या चादरी धुतल्या होत्या आणि आता तिच्या हातांचे सांधे सुजून बसले होते. अर्जावर तिचा अंगठा होता. ‘घरात कमावतं कोणी नाही’ असं अर्जात लिहिलेलं. घरभेटीच्या तक्त्यात मात्र ‘इतर प्रौढ व्यक्ती’ या चौकोनात भेटीला गेलेल्या कारकुनाने लिहिलं होतं : मुलगा, वय चौतीस, धंदा रंगारी. बाईंचा हात थांबला. एक कागद म्हणतो कमावतं कोणी नाही, दुसरा म्हणतो घरात रंगारी आहे. त्यांनी मला सहीपर्यंत खाली आणलं, पान उलटलं आणि शेरा लिहिला : घरात कमावता मुलगा आहे, खोटी माहिती दिली, मदत बंद करावी. शेऱ्याखालची रेघ माझ्याच कडेने ओढली. रेघ अगदी सरळ आली होती, हे मला चांगलं आठवतं आणि आता त्याची लाज वाटते.

तीन आठवड्यांनी ती बाई स्वतः आली. मागच्या दालनात कधी कोणी येत नाही, पण पुढच्या दोन खिडक्यांनी तिला टोलवाटोलवी करून शेवटी आमच्याकडे पाठवलं होतं. हातात नोटीस होती. ती तिला वाचता येत नव्हती. शेजारणीने वाचून दाखवली होती. ती रडली नाही, भांडली नाही. नोटीस टेबलावर ठेवून ती म्हणाली, “बाई, माझा मुलगा कामाला जातो असं यात लिहिलंय म्हणे. कुठे जातो तेवढं सांगा. मी डबा घेऊन जाईन त्याचा.”

तपासनीस बाईंनी तिला बसायला सांगितलं आणि कपाटातून फाईल काढली. माझ्या मनाचं म्हणाल तर, मी निर्धास्त होते. आमची चूक निघणं शक्यच नव्हतं. बाईंनी मला पुन्हा पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि नेहमीसारखंच एकेक ओळ खाली नेलं. मुलगा, चौतीस, रंगारी. मग पत्ता, तारीख, कारकुनाची सही. सही आली तिथे आम्ही थांबलो. त्यांनी नरम आवाजात सांगितलं की कागदावर असंच आहे, त्यांचा नाइलाज आहे.

ती बाई टेबलावर वाकून बघत होती. तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण ती अक्षरं बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

“त्या दिवशी खोलीत अंधार होता,” ती म्हणाली. “ते लिहीत होते आणि दिवा मी धरला होता. सही केल्यावर ते उठले, मग परत बसले, आणि खाली आणखी लिहिलं त्यांनी. माझा हात भरून आला होता तोवर, म्हणून लक्षात आहे. ती पट्टी जरा उचला ना, माझं एवढं ऐका.”

बाईंनी मला उचललं.

सहीच्या खाली, पानाच्या अगदी तळाशी, जिथे काही लिहायची पद्धतच नाही, तिथे बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. चौकोनात मावलं नाही म्हणून त्या भल्या माणसाने ते तिथे लिहिलं होतं. ‘मुलगा शिडीवरून पडल्यापासून अंथरुणाला खिळून आहे. आईवाचून त्याला कूसही बदलता येत नाही.’

मित्रांनो, त्या दोन ओळी माझ्याच अंगाखाली होत्या. एकदा नाही, दोनदा मी त्यांच्यावर बसले होते. मी खोटं काही बोलले नव्हते, वाकडी गेले नव्हते, आणि तरी माझ्यामुळे एका आजारी माणसाकडे येणारी मदतनीस तीन आठवडे आली नव्हती. दुखऱ्या सांध्यांनी ती माऊली एकटीच त्याला उचलत होती. धान्य संपल्यावर तिने शेजारणीकडून वाटीवाटीने आणलं होतं. हे सगळं ती विचारल्यावर सांगत होती, तक्रार म्हणून नाही. मग ती थोडी थांबली आणि म्हणाली, “त्याचं मला जास्त लागलं. नोटीस ऐकल्यापासून तो म्हणतो, आई, मला कुठेतरी नेऊन ठेव. मी घरात नसलो म्हणजे तुला तरी मिळेल.”

तपासनीस बाई फाईल घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. मी फाईलमध्येच होते. साहेब वाईट माणूस नव्हते. उलट बाईंचं भलं व्हावं म्हणून त्यांनी एक वाट सुचवली. पुढच्या महिन्यात ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेसाठी त्यांनी बाईंचंच नाव वर पाठवलं होतं. ते म्हणाले, “नवी माहिती मिळाली, असं लिहा. कुणाच्या अंगावर काही यायचं नाही. एकोणीस वर्षांत तुमच्या नावावर डाग नाही, तो आता कशाला?”

बाईंनी विचारलं की मग मदत कधी सुरू होईल.

त्याचं उत्तर दोघांनाही पाठ होतं. नवी माहिती म्हटलं की नवा अर्ज, नवी घरभेट, सहा आठवडे. तपासणीतली चूक म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासून, पण त्याखाली चूक करणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. आणि ‘खोटी माहिती’ हा शेरा पहिल्या वाटेने पुसला जात नाही, फक्त दुसऱ्या वाटेने पुसला जातो.

मला बाईंचं बोट माझ्या वाकड्या नऊवर फिरताना कळत होतं. त्यांना ती जागा हवी होती. हवी का नसावी? एकोणीस वर्षं त्या जिन्याकडे तोंड करून बसल्या होत्या. मग त्यांनी साहेबांचंच पेन मागितलं आणि उभ्या उभ्या लिहिलं : तपासणीतली चूक. खाली स्वतःचं नाव. रेघ ओढायला त्यांनी मला घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई रजा टाकून त्या घरी गेल्या. दुरुस्तीचा कागद टपालाने जाणारच होता, पण त्यांना तेवढं थांबवेना. कागद मुडपू नये म्हणून तो फाईलमध्ये, आणि पानाची खूण म्हणून त्यात मी. दोन जिने चढून एक खोली. दार उघडलं ते मदतनीस बाईने. ती सकाळीच रुजू झाली होती आणि तिच्या हातात ओला टॉवेल होता. आई चुलीपाशी होती. खिडकीखालच्या खाटेवर मुलगा. मोठ्या हाडापेराचा माणूस, खांदे अजून रुंद, पण पांघरुणाखाली पाय नसल्यासारखे. त्याने आल्या पाहुणीकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. कचेरीतलं माणूस म्हणजे काय ते त्याला पुरेसं कळलं होतं.

बाई खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. कागद आईच्या नावाने होता, पण त्या त्याच्याकडे तोंड करून वाचू लागल्या. या घरात कमावती व्यक्ती कोणीही नाही. अर्जदाराने दिलेली माहिती पहिल्यापासून खरी होती. मुलगा आजारी असून आईजवळ राहतो आणि त्याच्या राहण्याने मदतीला कोणतीही बाधा येत नाही. मदत बंद केली गेली ती तपासणीतल्या चुकीमुळे. त्यांनी कागद तळापर्यंत वाचला, सही वाचली, आणि सहीखाली काही नाही हेही वाकून पाहिलं.

मदतनीस बाईच्या टॉवेलमधून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

“चूक कोणाची?” त्याने भिंतीकडे बघतच विचारलं.

“माझी,” बाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता तो चार शब्द सुनावेल, आणि सुनावले असते तरी चाललं असतं. त्याने हळूच मान वळवली. आईकडे बघितलं, मग बाईंच्या हातातल्या कागदाकडे.

“ते ‘आईजवळ राहतो’, इथपासून,” तो म्हणाला, “परत एकदा वाचा.”

बाईंनी परत वाचलं.

त्यानंतर मला बरेच दिवस खणात ठेवलं होतं. साहेबांची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळाली. ‘चाळणी’ म्हणायचं लोकांनी सोडून दिलं. मला वाटलं, आपली शिक्षा झाली आणि ती योग्यच झाली. पण एका सकाळी बाईंनी खण उघडला आणि मला पुन्हा पहिल्या ओळीखाली ठेवलं. आता सही आली की त्या मला उचलून टेबलाच्या कडेला ठेवतात आणि अख्खं पान वरपासून खालपर्यंत, समासासकट, पुन्हा वाचतात. दिवसाला पूर्वीपेक्षा कमी प्रकरणं होतात. त्यावरून त्यांना बोलणी बसतात आणि त्या ती ऐकून घेतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या जुन्या फायलींचे गठ्ठे सोडतात आणि सहीखालची जागा बघतात. आजवर अशी आणखी दोन प्रकरणं सापडली आहेत. गठ्ठे अजून पुष्कळ उरले आहेत.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात कोणाच्या तरी नावाचं पान येईल. कोणी वर्गातली कागाळी तपासेल, कोणी अर्ज, कोणी उत्तरपत्रिका. माझ्यासारखी पट्टी जरूर घ्या, ओळ चुकू देऊ नका. पण तिला वेळेवर बाजूला ठेवायला विसरू नका. आमच्याकडे ती माऊली चालत आली आणि टेबलावर वाकून म्हणाली म्हणून मला कोणी उचललं. ज्यांना दोन जिने उतरून येता येत नाही, त्यांच्यासाठी ते तुम्हालाच आठवलं पाहिजे.