त्रेचाळीस लाल रेघा

काटेसाहेबांनी नव्या वहीच्या पहिल्या पानावर गाडीचा नंबर लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि पेन्सिलीचं टोक ओठांवर टेकवून ते गाडीकडे बघत राहिले. एखादा दुकानदार फारच गोड हसायला लागला की त्याच्याकडे ते जसे बघायचे, अगदी तसे.

एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले वजनकाटे तपासले होते. पारड्याच्या बुडाला चिकटवलेलं मेण, दांडीत लपवलेली शिशाची गोळी, आतून घासून हलकं केलेलं वजन. सगळ्या लबाड्या त्यांच्या बोटांना पाठ. काटा बरोबर असला की तारेत शिसं ओवून शिक्का मारायचा. पुढच्या खेपेला शिक्का तुटलेला दिसला की समजायचं, इथं हात फिरलाय. या कामातून निवृत्त होऊन चार महिने झाले होते, पण नजर काही निवृत्त झाली नव्हती. बायको म्हणायची, "अहो, मी हसले तरी तुम्ही आधी दात मोजता."

आणि अशा माणसाने बारा वर्षं वापरलेली, मोठ्या कंपनीची, लांबलचक काळी आलिशान गाडी विकत घेतली होती. हौसेपोटी नाही. बायकोच्या कमरेपायी. तिचा मणका दोन वर्षांपूर्वी धरला होता. बसमध्ये अर्धा तास बसली की घामाने भिजायची, आणि तिची थोरली बहीण तर चार तासांच्या वाटेवर. दोन वर्षांत बहिणी एकमेकींना फोनवरच भेटत होत्या. एक इकडे डोळे पुसायची, एक तिकडे नाक ओढायची. ही गाडी बघायला गेले तेव्हा बायको पुढच्या सीटवर बसली, बाजूचं बटण दाबलं, सीटची पाठ हलकेच फुगून तिच्या कमरेला टेकली, आणि तिने डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "अहो, हिला हात आहेत."

तिथेच साहेबांचा काटा झुकला.

गाडी होती एका दाताच्या डॉक्टरबाईंची. एकट्याच राहणाऱ्या, सत्तरीकडे झुकलेल्या, बोलायला तुटक. सर्व्हिसिंगची बिलं मागितली तर म्हणाल्या, "बिलं नाहीत." आणि वर स्वतःहून म्हणाल्या, "आठ दिवस ठेवून बघा. मन नाही बसलं तर रविवारच्या आत आणून लावा. पैसे परत." तेच साहेबांना खुपलं होतं. मागितल्याशिवाय कोण एवढं देतं? बाईंच्या उदारपणात कुठंतरी पाणी मुरत होतं.

गाडी गॅरेजमध्ये टाकायची नाही हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. आपल्या अंगणात, आपल्या हाताने, एक एक काम. म्हणून ही वही. इंजिनचं तेल कधी, हवेची जाळी कधी, ब्रेकचं तेल कधी, कुठल्या कामाला कुठला पाना, सगळं महिन्यांच्या रकान्यांत. जॅक आणला होता, गाडी उचलून धरायला लोखंडी घोड्या आणल्या होत्या, खाली झोपायला जुनी सतरंजी काढली होती. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं : "चारही चाके काढून आत पाहणे."

"चुटकीला बोलवा की," बायको दारातून म्हणाली. "तासाभरात करून देईल."

चुटकी म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गॅरेज होतं त्याचं. कुठलंही काम सांगा, "चुटकीसरशी करतो" म्हणायचा, म्हणून गल्लीने नावच पाडलं. गाडी घ्यायच्या आधी त्यानेच ती एक दिवस नेऊन तपासली होती आणि "भाऊजी, डोळे मिटून घ्या" म्हणाला होता. साहेबांनी डोळे मिटले होते. घरच्या माणसाच्या काट्याला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम ते संसारात पाळत आले होते, आणि त्यामुळे संसार शांत होता.

"त्याची तपासणी झाली. आता माझी," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मागचं डावं चाक काढलं आणि विजेरी आत धरली.

बोल्टवर लाल रेघ होती. केसाएवढी बारीक, तुकतुकीत, बोल्टच्या डोक्यावरून निघून शेजारच्या लोखंडावर गेलेली. शेजारच्या बोल्टवर आणखी एक. साहेब सतरंजीवर आडवे झाले, गाडीच्या पोटाखाली सरकले, तर काय! अंधारात लाल मुंग्यांची रांग चालावी तशा रेघाच रेघा. तेलाच्या टाकीला, गिअरच्या डब्याला, नळ्यांच्या पट्ट्यांना. बॉनेट उघडलं तर तिथंही. काही रेघांवर दुसरा थर, काहींवर तिसरा. त्यांनी मोजल्या. त्रेचाळीस.

म्हणजे गाडी त्रेचाळीस ठिकाणी उघडली गेली होती. त्यांच्या धंद्यात अशी खूण एकाच कामाची असते : उघडलं, आत काहीतरी केलं, वरून शिक्का मारला. एवढं उघडायची वेळ कधी येते? गाडी पुरात बुडली तर. नाहीतर कुठे जबर आदळली तर. मग धुऊनपुसून, नटवून, आठ दिवसांची गोड बोली लावून गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची.

आणि त्या मागच्या डाव्या चाकाशी परत आले तेव्हा त्यांना शिक्का तुटलेला सापडला. ब्रेकचे पॅड पकडून ठेवणारा जो लोखंडी पंजा असतो, त्याचे दोन बोल्ट. वरच्याची रेघ सरळ होती. खालच्याची तुटली होती. बोल्टवरचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा दुसरीकडे, घड्याळाचे काटे बारा वाजता जुळायचे ते अडीचला फाकावेत तसे.

दुसरा कोणी असता तर त्याने पाना लावला असता. साहेबांनी हातसुद्धा लावला नाही. पुराव्याला हात लावायचा नसतो. मोबाइलवर फोटो काढले, गाडी घोडीवर तशीच ठेवली आणि घरात येऊन हात धुतले.

"उद्या गाडी परत," ते म्हणाले.

बायको भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "मी ताईला सांगून बसलेय. रविवारी येते म्हणून."

"त्या बाईने फसवलंय आपल्याला. रंगाच्या खुणा आहेत सगळीकडे."

"चुटकीला दिसल्या नाहीत त्या?"

"त्याने वरवर बघितलं असेल."

"म्हणजे चुटकीही खोटा, बाईही खोटी. खरे तुम्ही आणि तुमची विजेरी." तिने देठ मोडला. "अहो, एकतीस वर्षं दुनिया तोललीत. माझ्या कमरेचं वजन कधी धरणार त्यात?"

साहेब मोबाइलवरचे फोटो पुन्हा चाळायला लागले.

शनिवारी सकाळी ते डॉक्टरबाईंच्या दारात उभे राहिले. बाईंनी त्यांना ओट्यावरच बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "आवाज येतोय का काही?"

"आवाज नाही. खुणा." त्यांनी मोबाइल पुढे केला. "त्रेचाळीस आहेत. मोजल्यात मी."

"चव्वेचाळीस," बाई म्हणाल्या. "एक वायपरच्या मोटरखाली आहे. ती आरशाशिवाय दिसत नाही."

साहेबांना वाटलं होतं, बाई गडबडतील, निदान मान फिरवतील. त्या आत गेल्या आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात लांब दांडीचे ते इवलेसे गोल आरसे होते, दाढांच्या मागे घालून बघायचे. चिमटे होते, आणि लाल नेलपॉलिशच्या तीन बाटल्या. बाईंच्या नखांना रंगाचा मागमूस नव्हता. नखं बारीक कापलेली, कडांना मात्र तेलाची काळी कोर, किती धुतली तरी न गेलेली.

"नऊ वर्षांपूर्वी गॅरेजवाल्याने माझी नवी बॅटरी काढून जुनी बसवली," त्या म्हणाल्या. "त्या दिवसापासून गाडीखाली मीच. बोल्ट पक्का पिळला की वरून रेघ मारायची. पुढच्या वेळी रेघ सरळ दिसली की समजायचं, पीळ ढिला झालेला नाही. दर वेळी नवी रेघ. बिलं कुठून येणार हो? स्वतःला बिल देऊ?"

"आणि ती आठ दिवसांची बोली?"

"मला तुमचा भरवसा नव्हता!" बाई पहिल्यांदाच हसल्या. "आठ दिवसांत कळतं, माणूस गाडीखाली जातो की नुसता वरून फडका मारतो. फडकेवाले असतात तर मीच काहीतरी निमित्त काढून परत मागितली असती. गुडघे गेले म्हणून विकली, गाडीवरचा जीव गेला म्हणून नाही."

साहेबांच्या मनातली पाल एवढ्याने गप्प बसणारी नव्हती. गोष्ट फार सुबक होती. सुबक गोष्टी त्यांनी खूप ऐकल्या होत्या. त्यांनी शेवटचा फोटो उघडला. "मग ही? ही तर तुटलीय."

बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. त्यांचं हसू जागच्या जागी विझलं.

"ही मी नाही उघडली." त्यांचा आवाज खाली आला. "गाडी आत्ता कुठे आहे? चालवत आणलीत?"

"नाही. घोडीवर आहे."

"पाच दिवस चालवलीत?"

"बाजारापर्यंत. एकदा दवाखान्यापर्यंत. बायको बरोबर होती."

"मी विकायच्या महिनाभर आधी सगळ्या रेघा नव्या मारल्या होत्या. त्यानंतर गाडी एकाच माणसाच्या हातात गेली, एक दिवस." बाईंनी डबा बंद केला. "तुमच्याकडून आला होता तो. मी त्याला विचारलं, चाकं काढलीत का? 'छे छे' म्हणाला. मी पण मूर्ख, पुन्हा आरसा घालून बघितलं नाही. चला. मी येते."

वाटेत दोघांनाही आपापल्या मनात हेच तपासायचं होतं की समोरचा खोटं बोलतोय का.

अंगणात बाई आरशांचा डबा मांडीवर घेऊन, गुडघा धरून स्टुलावर बसल्या आणि साहेब सतरंजीवर आडवे झाले. "पाना नको," बाई म्हणाल्या. "आधी बोटांनी."

साहेबांनी दोन बोटं खालच्या बोल्टला लावली. एकतीस वर्षांत त्या बोटांनी खोटं कधी सांगितलं नव्हतं. बोल्ट फिरला. अलगद, बाटलीच्या झाकणासारखा. आणखी थोडा फिरला. पाच दिवस तो सगळा पंजा वरच्या एका बोल्टवर लटकत होता, आणि शेजारच्या सीटवर बायको कंबर टेकून डोळे मिटून बसत होती.

ते बाहेर आले, धुळीतच बसले आणि चुटकीला फोन लावला. आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"बोला भाऊजी! गाडी कशी पळतेय?"

"मागचं डावं चाक काढलं होतंस का रे?"

"कधी? हां... हो, बहुतेक. पॅड किती उरलेत ते बघायला. का?"

"ब्रेकचा खालचा बोल्ट ढिला आहे."

पलीकडे कोणीतरी हातोडा मारत होतं. दोन ठोके, तीन ठोके. "असं? मग आवळायचा राहिला असेल हो. त्याच वेळी दुसरं गिऱ्हाईक आलं होतं. आवळून टाका, चुटकीसरशी होईल. बाकी गाडी एक नंबर!"

"बाईंना 'छे' का म्हणालास?"

"आता त्या म्हातारीला काय सगळा पाढा वाचायचा, भाऊजी? तुम्ही पण ना!"

साहेबांनी फोन बंद केला. रागावता येईल असं त्यात काही नव्हतं. लबाडी नव्हती, डाव नव्हता, शिशाची गोळी नव्हती. एकतीस वर्षं ते माणसांचं पाप शोधत हिंडले, आणि इथं नुसतं विसरणं होतं, हसतमुख, घरचं, भाऊबीजेला येऊन बसणारं.

पायरीवर बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. भावाची बाजू घ्यायला तिने तोंड उघडलं नाही, आणि नवऱ्याची तर मुळीच नाही. ती हळूहळू, एक हात कमरेवर ठेवून, पायऱ्या उतरली. डॉक्टरबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, तो आरसा द्या."

"अगं, तुला वाकवणार नाही," साहेब म्हणाले.

"वाकायचं कुठंय? झोपायचंय." ती सतरंजीवर टेकली, मग कुशीवर, मग पाठीवर. कठीण जमिनीने मणक्याला आधार दिला तसा तिच्या तोंडून एक लांब सुस्कारा सुटला. "बरं वाटतंय की इथं! डॉक्टर सांगतच होता, कडक जागेवर झोपा म्हणून. सरका तिकडे."

साहेब सरकले. गाडीच्या काळ्या पोटाखाली नवरा-बायको शेजारी शेजारी, वर डोळे लावून, जसं उन्हाळ्यात गच्चीवर पडावं. बाईंनी बाहेरून पाना आत सरकवला, चव्वेचाळीस बोल्टांपैकी ह्याला किती पिळायचं ते सांगितलं, आणि साहेबांनी बोल्ट पक्का पिळला.

"मी बघते," बायको म्हणाली. तिने स्वतःची बोटं लावली, जोर केला. बोल्ट हलला नाही. पुन्हा जोर केला. मग आरसा पुढे नेला, विजेरी नवऱ्याच्या हातातून काढून घेतली आणि पुढच्या रेघेवर धरली.

"आणि हा?"

"तो सरळ आहे."

"तुम्ही म्हणता. हात लावून बघितलात?"

"नाही."

"मग लावा." ती थांबली. "उद्या ताईकडे मी जाणार आहे. गाडीनेच जाणार आहे. पण त्याआधी चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस माझ्यासमोर. तुमच्या सांगण्यावर नाही, बाईंच्या नाही, आणि माझ्या भावाच्या तर नाहीच."

बाहेर स्टुलावर डॉक्टरबाई खोकल्या. हसू लपवायला असावं, किंवा खरंच खोकला असेल. साहेबांनी मान वळवून त्यांच्या पायांकडे संशयाने एकदा बघितलं, आणि मग हात लांबवून पुढच्या बोल्टला बोटं लावली.

"घट्ट," ते म्हणाले.

"सरका," बायको म्हणाली. "मला बघू दे."