ताक मला मानवत नाही

मी एक जुनी, जाड, तांब्याची तार आहे. होडीच्या मोटरीला बॅटरीशी जोडणारी. मित्रांनो, एखादी वस्तू आपली कहाणी सांगायला बसली की आधी आपल्या जन्माचं कौतुक सांगते. मी आधी एवढंच सांगते की मला ताकाची किळस आहे. ताकाची, लोण्याची, हळदीची आणि पुरणाची. नुसता वास आला तरी शिसारी येते. काहून, ते ऐका.

आखाडा बाळापूरच्या बाजारात हरिचंद मिस्त्रीचं लॉऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. दुसरी मोठी लढाई लागायच्या वर्षभर आधी त्याने मला तिथं तयार केलं. बारीक तारांची जुडी घेऊन तिला पीळ दिला, वरून सायकलच्या ट्यूबचं रबर चढवलं, दोन्ही टोकांना तांब्याच्या कड्या बसवल्या आणि कथील ओतून पक्क्या केल्या. मी अशी झळझळीत निघाले की दुकानात आलेला प्रत्येक जण मला हातात घेऊन बघायचा.

मला घ्यायला सोनाजी भोई आला होता. पैनगंगेच्या काठी त्याचं गाव. नदीच्या अलीकडे निजामाचा मुलूख, पलीकडे वऱ्हाड. गावचे जमीनदार व्यंकटराव यांची दोन्ही काठांवर शेती, म्हणून त्यांनी हैदराबादेहून कुण्या शिकारी साहेबाची जुनी मोटर आणून होडीला लावली आणि होडी सोनाजीच्या हाती दिली. या मोटरीला बॅटरीतून ठिणगी लागायची. ती ठिणगी नेऊन पोचवायची, हे माझं काम. मी नसले तर दोरी ओढून ओढून हात गळाले तरी ती मोटर नुसतं लोखंडाचं ओझं.

हरिचंदाने मला सोनाजीच्या हातात देताना सांगितलं, "हिला कोरडी ठिव. टोकं पुसत जा, घट्ट आवळत जा अन् वरून जरा ग्रीस लाव. बॅटरीतल्या तेजाबाची वाफ हिला खाऊन टाकती."

"बराबर," सोनाजी म्हणाला.

पहिलं वर्षभर त्याने सगळं बराबर केलं, खोटं कशाला बोलू. रोज पुसायचा. मोटर एका ओढीत फटफटायची आणि काठावरची माणसं कौतुकाने बघत राहायची. मग लढाई लागली आणि ग्रीस मिळेनासं झालं. सोनाजीने विचार केला की ग्रीस म्हणजे काय, तर ओशट पदार्थ. घरात लोणी होतं. झालं, त्या दिवशी माझ्या टोकांना लोणी लागलं. ताकाचे थेंब तसेच असलेलं, आंबूस. मुंग्या आल्या. माशा आल्या. चार दिवसांत मला असा खवट वास सुटला की होडीत बसणारी माणसं नाकाला उपरणं लावायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण पोळा आला.

तुम्हाला ठाऊकच आहे, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. जू ओढून दुखलेले खांदे हळद, लोणी लावून चोळायचे, वर ताक शिंपडायचं आणि म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. सोनाजीच्या दारात बैल नव्हता. बैल म्हणजे त्याची ही मोटर. मोटर तर त्याने ओवाळलीच, पण खांदा कुठला? त्याच्या मते जिथं मी बॅटरीला जोडले जाते तो खांदा. तिथं त्याने पसाभर हळद-लोणी थापलं आणि वरून लोटीभर ताक ओतलं.

व्यंकटराव काठावर उभे होते. "सोनाजी, यंत्राला काहून ताक पाजून राहिलास?"

"मालक, माह्या दारचा बैल हाय ह्यो. त्याला उपाशी कसं ठिवू?"

व्यंकटरावांना ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षापासून ताक त्यांच्या वाड्यातून यायला लागलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. तीही माझ्यावरच कुस्करायची. गाव म्हणायचं, भक्ती असावी तर अशी. मी म्हणायचे, मेल्या, एकदा फडक्याने पूस रे. पण तारेचं कोण ऐकतं?

माझ्या टोकांवर हिरवा थर चढला. ओला, बुळबुळीत, वांतीसारखा. कडी सैल झाली. आतल्या तारा एकेक करून तुटायला लागल्या. त्यावर दरसाल नवीन हळद.

सेहेचाळीस साली, पोळा होऊन महालक्ष्म्या अजून बसायच्या होत्या तेव्हा, सोनाजीची तीन वर्षांची लेक राही आजारी पडली. ताप चढला, घसा सुजला. श्वास घेताना छाती आत जायची. गावात इलाज चालेना. डॉक्टर पलीकडे वऱ्हाडात होता आणि मध्ये नदी दुथडी भरलेली. सोनाजीची बायको नर्मदाबाई लेकराला पदराखाली घेऊन होडीत बसली. सोनाजीने दोरी ओढली. मी जीव एकवटून ठिणगी पोचवली आणि आम्ही निघालो.

नदीच्या मध्यावर माझ्याच्याने निभलं नाही. मोटर दोनदा ठसकली आणि गप्प झाली. होडी आडवी होऊन वाहायला लागली. खालच्या अंगाला खडक होते, त्यांच्यावर आपटणारं पाणी ऐकू येत होतं. वल्ही त्या धारेला पुरेनात. सोनाजीने दोरी ओढली, पुन्हा ओढली, मग मोटरीच्या गळ्यात हात घालून रडायला लागला. "आरं राजा, चाल की. म्या काय कमी केलं तुला?"

मला त्याची दया आली आणि त्याच वेळी इतकी चीड आली की काय सांगू. गळ्यापर्यंत त्याचं ताक साचलेलं, आणि हा विचारतो काय कमी केलं.

राहीचा श्वास घरघरत होता. नर्मदाबाईने तिला नवऱ्याच्या मांडीवर दिलं आणि मोटरीजवळ सरकली. माझं टोक तिने बोटांनी धरलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"आवं, हे तर कळकलंय."

"काय?"

"ताक कळकलंय. बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात आपण ताक ठिवतो का कधी? अन् हिला दरसाली पाजून राहिले तुमी."

तिने माझी कडी ओढून काढली. होडीच्या तळाशी साचलेली ओली वाळू मुठीत घेतली आणि घरची भांडी घासते तशी मला घासायला लागली. जोरात, आतून बाहेरून. बॅटरीची खुंटीही घासली. हिरवी घाण तिच्या नखांत गेली. तांबं उघडं पडलं. मग पदराच्या कोरड्या टोकाने मला खसखसून पुसलं. किती वर्षांनी कुणी पुसलं होतं मला!

"आता आवळा," ती म्हणाली आणि लेकरू परत घेतलं.

सोनाजीने पकडीने मला आवळलं आणि दोरी ओढली. मोटर फटफटली. खडक दिसायला लागले होते, तिथून आम्ही वळलो.

डॉक्टरने राहीला आठ दिवस ठेवून घेतलं. ती वाचली.

पुढच्या पोळ्याला मी धास्तावूनच होते. सोनाजी आलाच. राही वाचली म्हणून या खेपेला दोन लोट्या. वाटीभर लोणी. व्यंकटराव आणि सगळं गाव काठावर. त्याने लोटी उचलली तशी नर्मदाबाई पुढे झाली. तिने लोटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि सगळ्यांसमोर, उभ्याउभ्या, घटाघटा पिऊन टाकली. दुसरीही. मग पदराने तोंड पुसलं आणि कोरड्या फडक्याने माझी टोकं पुसली.

"आवतण द्या," ती नवऱ्याला म्हणाली. "ताक नगा देऊ."

सोनाजीने कोरड्या मोटरीला हात जोडले आणि आवतण दिलं. कुणी हसलं नाही.

निजामाचं राज्य गेलं त्या अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत पेट्रोल येणं बंद झालं, मोटर उतरवली गेली. मी आता व्यंकटरावांच्या गोठ्यात खुंटीला टांगलेली असते. दर पोळ्याला बैलांवर शिंपडलेलं ताक माझ्यावरही उडतं आणि मला आजही मळमळतं. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं यंत्र राबत असेल. त्याच्यावर तुमचा जीव असेल, तर त्याच्या अंगाला काय मानवतं ते आधी बघा आणि रोज कोरड्या फडक्याने पुसा. सणाला ओवाळायचंच असेल तर ओवाळा. ताक मात्र तुम्ही प्या.