ब्रेनरचा वेग बावन्न

प्रसाद गोखलेला पळायचा मनापासून कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्याला त्याने एक जर्मन नाव दिलं होतं: योआखिम ब्रेनर.

ब्रेनर म्हणजे दुसऱ्या फळीतल्या फुटबॉल क्लबात वर्षानुवर्षं सडलेला आणि सत्ताविशीत अचानक चमकलेला सेंटर फॉरवर्ड. वेग नाही, ड्रिबलिंग नाही. गडी नव्वदातली पंच्याऐंशी मिनिटं कमरेवर हात ठेवून गोलसमोर उभा. चेंडू पायाशी आला की एकच टच, आणि गोल. एका मोसमात बावीस मारले. मग गुडघा गेला, राष्ट्रीय संघातली जागा गेली आणि बाकावर बसणं नशिबी आलं.

व्हिडिओ गेमची नवी डिस्क आली की प्रसाद आधी ब्रेनरचे आकडे बघायचा. २००३ला एकूण ८६, पुढच्या वर्षी ७९, त्यानंतर ७१. वेग तर बावन्न. "पण पोझिशनिंग बघा!" तो सगळ्यांना सांगत सुटायचा. "अजून चौऱ्याण्णव!"

सगळे म्हणजे आखातातल्या महबूलाच्या रेताड मैदानावर दर शुक्रवारी सकाळी खेळणारे मराठी लोक. खेळ झाला, जुम्म्याची नमाज झाली की रत्नागिरीच्या साकिबच्या फ्लॅटवर जेवण. साकिब कॅप्टन. त्याच्या प्लेस्टेशनमध्ये अख्खी टीम नावानिशी भरलेली होती, आणि प्रत्येकाला आकडे होते. जेवण झाल्यावर ते सगळ्यांसमोर बदलायचे, आणि टूर्नामेंटची टीम त्या आकड्यांवरच ठरायची. ही कल्पना प्रसादचीच. पेट्रोकेमिकल कारखान्यातला प्रोसेस इंजिनियर तो. ऑफिसातलं अप्रेझल त्याने मैदानावर आणून बसवलं. सूत्रसुद्धा त्यानेच एक्सेलमध्ये बांधलं होतं: चाळिशीनंतर दर वर्षी दोन गुण कमी. तेव्हा तो अडतीसचा होता, आणि माणसाला आपली चाळिशी कधी दिसत नाही.

त्या सूत्राने पहिला गेला तो हमीद, सत्तेचाळीस वर्षांचा बॅक. त्याचा आकडा पडद्यावर आला तेव्हा सगळ्यात मोठ्याने प्रसादच हसला होता. "हमीदभाई, तुमच्यापेक्षा गोलपोस्ट जास्त हलतो!" हमीद त्यानंतर जेवायलासुद्धा आला नाही. प्रसादला त्याचं काही वाटलं नाही, हे सांगायलाच हवं.

आता २००६ उजाडलं होतं आणि प्रसाद बेचाळीसचा झाला होता. मार्चमधली टूर्नामेंट तोंडावर होती. शर्वरी, त्याची लेक, दहावी झाली की पुण्याला जाणार होती. बापाला खेळताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. जाण्याआधी एकदा तरी तिने आपल्याला नऊ नंबरच्या जर्सीत खेळताना बघावं, एवढं एकच त्याच्या मनात होतं. म्हणूनच टीम ठरायची होती त्या शुक्रवारी तो तिला साकिबकडे घेऊन आला. अंगात सकाळची घामेजली जर्सी तशीच होती. शुक्रवारी तो ती दिवसभर काढत नसे.

साकिबने पडद्यावर नवे आकडे आणले. प्रसाद ५८. त्याच जागेवर आलोक, सव्वीस वर्षांचा, नुकताच नाशिकहून आलेला, ७७.

"प्रसादभाई, तुमचंच सूत्र हाय," साकिब म्हणाला. "मी काय करू?"

हशा पिकला. प्रसादचा चेहरा पडला, पण त्याने हार मानली नाही. "एकूण आकड्यात पोझिशनिंग दिसत नाही. ब्रेनरला काय पळता येत होतं? खेळवून बघा मला. गोल मारला तर जर्सी माझी."

"मैदानात?"

"इथेच, पडद्यावर. शर्वरी खेळेल."

इथे तो चुकला. शर्वरीच्या बोटांना त्या यंत्रावर तोड नव्हती, हे खरं. पण त्याने कंट्रोलर दिला तो लेकीच्या हातात. तिने घेतला तो खेळाडू म्हणून.

समोर यंत्राची टीम. शर्वरी झपाटल्यासारखी खेळत होती. पडद्यावरचा ठेंगणा प्रसाद कमरेवर हात ठेवून गोलसमोर उभा होता. पहिला पास त्याच्या पायाशी आला. वळेपर्यंत बचावपटूने काढून घेतला. दुसराही तसाच. "दे, दे, मला दे!" खरा प्रसाद सोफ्यावर अर्धा उठून ओरडत होता. सत्तराव्या मिनिटाला एक-एक बरोबरी. शर्वरीने खेळ थांबवला, यादी उघडली, नऊ नंबर बाहेर काढला आणि आलोक आत घेतला.

असा काही हशा उसळला की आतून साकिबची बायको अलिना बघायला आली.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला पडद्यावरच्या आलोकने गोल मारला. शर्वरी सोफ्यावर उडालीच. शेजारी बसलेल्या खऱ्या आलोकला तिने टाळी दिली.

"मला का काढलंस गं?" प्रसादने हळूच विचारलं.

"यू वर टायर्ड, बाबा. स्टॅमिनाचा बार लाल झाला होता."

"पण तो मी होतो."

"आय नो," शर्वरी म्हणाली आणि पुढची मॅच लावली.

प्रसादला हुंदका आला, तो त्याने खोकल्यात दडवला. साकिबने नजर चुकवत जर्सीसाठी हात पुढे केला. नऊ नंबरची जर्सी टीमकडे एकच होती. प्रसादने ती तिथेच, सगळ्यांसमोर, डोक्यावरून काढली. आत बनियन, त्याखाली सुटलेलं पोट. शर्वरीने एकदाच पाहिलं आणि मान पडद्याकडे वळवली.

साकिबने दिलेली जर्सी आलोकने दोन बोटांत धरली, जरा लांब, आणि परत पुढे केली.

"धुऊन द्या ना, काका."

"हो, हो," प्रसाद म्हणाला. "इस्त्रीसुद्धा करून आणतो."