शालीच्या घडीतून

मी एक दुर्बीण. एका लोकरी शालीच्या घडीतून बोलतेय, म्हणून आवाज जरा दबका येईल.

जन्म रशियातल्या कारखान्यातला, पण माझं आयुष्य गेलं ते नारीन नदीच्या काठी. शार्शेनने मला बाजारात उचललं, डोळ्यांना लावलं आणि समोरच्या छपरावर भांडणाऱ्या चिमण्या पाहून तो मोठ्याने हसला. तेव्हापासून मी त्याची झाले. हिवाळ्यात दर रविवारी तो आणि त्याची बायको सायरागुल मला घेऊन बर्फातून काठाकाठाने चालत.

नवी सून किंवा तान्हं बाळ पहिल्यांदा पाहिलं की दाखवणाऱ्याच्या हातावर काहीतरी ठेवायचं, ही आमच्याकडची रीत. त्याला कोरुन्दुक म्हणतात. ते नाकारणं अशुभ. शार्शेनने ही रीत पक्ष्यांनाही लावली. सायरागुलने चकोर दाखवला की तो तिच्या हातावर खारट सुक्या दह्याची गोळी ठेवायचा.

"एवढ्या मोठ्या चकोराला एवढीशी गोळी?" ती म्हणायची.

"घार दाखव, मग मेंढी देतो!"

शार्शेन गेला. माझा पट्टा तिच्या गळ्यात आला. तिने तो आखूड केला नाही. मी तिच्या पोटाशी लोंबकळत राहिले.

त्याच हिवाळ्यात कबरस्तानापलीकडच्या उंच पोप्लरवर ससाण्याची मादी येऊन बसू लागली. शार्शेनचं बजावणं होतं, ससाण्याचं झाड परक्याला दाखवायचं नाही; पकडून विकणारे टपलेलेच असतात. सायरागुलने शेजारच्या झूराकान आजींनाही ते सांगितलं नाही. ती रोज मला घेऊन जायची, ससाणी बघायची आणि परत येऊन चहा करायची. घरात पुन्हा दोन पेले मांडावेत असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर दिसू लागलं होतं.

मग दोलोत आला. शार्शेनचा धाकटा भाऊ. सायरागुल सून म्हणून आली तेव्हा तो शेंबडा पोर होता. तिच्याच हातचं खाऊन वाढला. मयतीनंतर पहिल्यांदाच फिरकला होता.

"वहिनी, दादा बघायचा तसं मलाही एकदा बघू दे ना."

"तुला रे कधीपासून पक्ष्यांचं वेड? लहानपणी बेचकी घेऊन फिरायचास!"

"तेव्हा तू कान पिळायचीस. आता दाखव."

ती हसली. कितीतरी दिवसांनी. तो परका थोडाच होता? तिने माझा पट्टा त्याच्या गळ्यात घातला आणि त्याला झाडाकडे वळवलं.

मी ससाणी जवळ आणली. दूरचं जवळ आणणं एवढंच मला येतं. तो ससाणीकडे क्षणभर बघून लगेच खाली वळला. झाडाचा बुंधा, खालची मोकळी जागा, तिथवर गाडी नेता येईल असा रस्ता. मला कळलं. पण मला तोंड कुठे होतं?

"कोरुन्दुक तर द्यायलाच हवं," म्हणत त्याने गाडीतून ही शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली.

"अरे, एवढी भारी कशाला?"

"घे गं. दादाच्या कबरीपाशी आलेला पक्षी आहे."

पुढच्या रविवारी झाड रिकामं होतं. माझ्यातून तिने बुंध्याशी पाहिलं. गाडीच्या चाकांचे वळ, आणि बर्फात मरून पडलेलं एक कबूतर. त्याच्या पाठीवर चामड्याची पट्टी होती, पट्टीला नायलॉनचे फास, झडप घालणाऱ्या ससाण्याचे पाय अडकवायला.

घरी परतताना झूराकान आजी फाटकाशी भेटल्या. "अगं, काल पहाटे दोलोतची गाडी कबरस्तानाकडे गेली. मला वाटलं, भावाच्या कबरीवर आलाय. गुणी पोर!"

सायरागुलने त्याला फोन लावला. मी तिच्या पोटाशी होते, सगळं ऐकलं.

"दोलोत, ससाणी कुठंय?"

तो मग म्हणाला, "वहिनी, तू कोरुन्दुक घेतलंस ना? मग आता कसला हिशेब?"

तिने फोन ठेवला, पट्टा गळ्यातून काढला, मला त्याच शालीत गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवलं.

दर रविवारी तिचे बूट बर्फात करकरत दूर जातात. ती माझ्याशिवाय चालते.

सायरागुल, पेटी उघडशील तेव्हा मला माफ करू नकोस हवं तर. फक्त या शालीतून बाहेर काढ. फार ऊब आहे हिला.